फुलचूरची शीव कोठे संपते?



दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, असा क्रम कित्येक दिवस चालतो. दिवसा बाजार भरतो, दंडार होते, रात्री नाटक उभे राहते. गाव सोडून गेलेली माणसे या निमित्ताने परत येतात. कारखान्यात गेलेला कामगार येतो, मोठ्या शहरात नोकरीला लागलेला शिकलेला मुलगा येतो, भाऊबिजेला माहेरी आलेली लेक मंडई पाहूनच सासरी जाते. आपल्या गावाकडे काहीशा बाहेरच्या नजरेने पाहणारी इतकी माणसे वर्षातून दुसऱ्या कोणत्याही वेळी एकत्र येत नसतील.

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरला असा माणूस परत येतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न पडतो तो गाव कोठून सुरू झाले हा. शहर संपले आणि गाव लागले असे सांगणारी मोकळी जागा मध्ये उरलेली नाही. घरे, दुकाने, गॅरेज, मंगल कार्यालये, कचेऱ्या यांची रांग तुटत नाही. ज्या ठिकाणी धानाच्या बांध्या आणि त्यांचे धुरे होते, तेथे सिमेंटचे खुंट रोवून ‘ले-आऊट’ पाडलेले दिसतात. हे पाहून परत येणारा माणूस दोहोंपैकी एक उद्गार काढतो. एक तर तो हळहळतो : गाव राहिले नाही. किंवा तो सुखावतो : गाव सुधारले. हे दोन्ही उद्गार प्रामाणिक असतात आणि दोन्ही अपुरे असतात. गाव बदलले हे डोळ्यांना दिसते; बदलाचा लाभ कोणाच्या पदरी पडला आणि किंमत कोणी मोजली, हे डोळ्यांना दिसत नाही. ते विचारावे लागते आणि कागदांतून शोधावे लागते. समाजवादी कार्यकर्त्याने आपल्या गावी परत जावे ते हा शोध घेण्यासाठी, असे प्रतिपादन आज येथे करावयाचे आहे.

प्रथम हळहळीचा विचार करू. जुन्या गावाबद्दलचा जिव्हाळा खोटा नसतो. परंतु तो सर्वांना सारखा परवडत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय खेड्याच्या गौरवीकरणावर जो कठोर प्रहार केला, तो आठवावा. खेडे म्हणजे सुखी प्रजासत्ताक, ही कल्पना त्यांनी स्पष्ट शब्दांत नाकारली. गावकुसाबाहेर ज्यांना राहावे लागले, ज्यांच्या वाट्याला वेठबिगार आली, ज्यांना पाण्यासाठी दुसऱ्याच्या कृपेवर अवलंबून राहावे लागले, त्यांनी त्या गावासाठी का हळहळावे? वंशपरंपरेने वाट्याला आलेले काम नाकारून शहरात हमाली किंवा बांधकामावरची मजुरी पत्करण्याची वाट ज्याला मोकळी झाली, त्याच्या दृष्टीने शहर जवळ येणे ही काही अंशी मुक्तीच होती. गोंदियाच्या शाळा-महाविद्यालयांत पायी किंवा सायकलने जाता येत असल्यामुळे शिकू शकलेल्या मुलींची गोष्टही तीच आहे. तेव्हा जुने ते सारे सोने, हा सूर आपल्या पक्षाला शोभणारा नाही.

पण म्हणून सुधारणेच्या उद्गारालाही मान डोलावता येत नाही. त्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

या भागातील गावे आपापल्या जागेवरच राहिली. त्यांच्यावरची राज्ये आणि जिल्हे मात्र बदलत गेले. मध्यप्रांत व वऱ्हाड या इंग्रजी प्रांतातील भंडारा जिल्ह्याचा हा मुलूख. १९५० साली त्या प्रांताचे मध्यप्रदेश राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात; आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. म्हणजे १९५० पूर्वी जन्मलेल्या एखाद्या वृद्धाने फुलचूर न सोडतादेखील एक प्रांत, तीन राज्ये आणि दोन जिल्हे पाहिले. १९५४ साली याच भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, तीत प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता लोकसभेवर निवडून आले आणि राखीव जागेवर खुद्द डॉ. आंबेडकर पराभूत झाले, हे आपल्या चळवळीतील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. तेव्हा मतदारांपुढचे प्रश्न जमीन, मजुरी आणि मान हेच होते. त्यांपैकी कोणते सुटले, हे मोजण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.

राज्यांच्या सीमांपेक्षा मोठा बदल १९५१ साली घडला. १९५०च्या मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वये मार्च १९५१ अखेर मालगुजारी नष्ट झाली. मालगुजार हा गावाचा सारा गोळा करणारा आणि गावच्या पडीत जमिनी, झाडे, तलाव यांवर हक्क सांगणारा मध्यस्थ होता. तो गेला हे योग्यच झाले. त्याच्याबरोबर तलावांची मालकी सरकारकडे आली. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांतील कित्येक कोहळी समाजाच्या पिढ्यान्पिढ्यांच्या कौशल्यातून बांधले गेले आहेत. उताराचे पाणी पाळ घालून अडवावयाचे, ते पाटाने बांध्यांना द्यावयाचे, वरच्या तलावातून सांडलेले खालच्या बोडीत घ्यावयाचे, अशी ती रचना. पावसाने ऐन रोवणीनंतर दडी मारली तर धान वाचविणारे पाणी तेच. धनी बदलला, पण गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, पाण्याच्या पाळ्या ठरविणे ही गावाने मिळून करावयाची कामे नव्या व्यवस्थेत कोणाचीच राहिली नाहीत. मालकी सरकारची झाली आणि जबाबदारी कागदावर गेली. सामाजिक मालकी आणि सरकारी मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा समाजवाद्यांना ग्रंथांतून शिकण्याची गरज नव्हती. तो झाडीपट्टीच्या प्रत्येक गाळाने भरलेल्या तलावात लिहिलेला आहे.

आता गोंदियाकडे वळू. हे शहर रेल्वेने घडविले. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावरील हे स्थानक. पुढे जबलपूरकडे आणि चांदा फोर्टकडे लहान रुळांचे फाटे निघाले आणि गोंदिया मोठे जंक्शन झाले. भोवतालच्या खेड्यांतील धान येथे येऊ लागला, भातगिरण्या उभ्या राहिल्या, जंगलातील तेंदूपाने येथे येऊ लागली, विडीचा धंदा वाढला. शहराच्या या दोन्ही उद्योगांचा पाया खेड्यांतील श्रमात होता. धान रोवणारी आणि कापणारी बाई खेड्यातली. विडी वळणारी बाईही बहुधा तीच. दुपारी घरकाम आटोपून सूप मांडीवर घ्यावयाचे, भिजवलेली पाने कापावयाची, तंबाखू भरून दोऱ्याने बांधावयाचे, आणि हजार विड्यांमागे ठरलेला दर सट्टेदाराकडून घ्यावयाचा. त्यातही छाट म्हणून काही विड्या बाद व्हावयाच्याच.

या स्त्रियांसाठी कायदे झाले नाहीत असे नव्हे. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा आणि त्यासाठी उपकराचा कायदा झाला. त्या उपकरातून दवाखाने, घरकुले आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांचा खर्च भागत असे. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा तो स्वतंत्र उपकर रद्द करण्यात आला. १९६६चा कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. म्हणजे विडी कामगारांसाठी संघर्षाने मिळविलेला वेगळा कायदा आणि वेगळा उपकर, दोन्ही गेले. मंडईला आलेल्या माणसाला रस्त्याकाठची नवी दुकाने दिसतात. आतल्या गल्लीत सूप घेऊन बसलेल्या बाईचे काय झाले, हे त्याला सहसा दिसत नाही.

१९९९ साली गोंदिया जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि शहराच्या वाढीला नवे वळण लागले. जिल्हा म्हटला की जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, इतर खात्यांची कार्यालये, त्यांचे कर्मचारी, त्यांची निवासस्थाने हे सर्व आले. शहरात जागा नव्हती. बाहेरच्या रस्त्यांवर होती. आमगाव रस्त्याच्या अंगाने, फुलचूरच्या बाजूला शहर पसरू लागले. जेथे कचेरी येते तेथे झेरॉक्सचे दुकान, चहाची टपरी आणि वकिलाचे टेबल येते. त्यापाठोपाठ जमिनीचा दलाल येतो. तो येतो, तेव्हा जमीन शेतीचे साधन राहत नाही आणि विक्रीचा माल होते.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा हिशेब मांडून पाहावा. एक एकर धानाच्या जमिनीत पंधरा क्विंटल धान पिकला असे समजू. २०२५-२६च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. म्हणजे खर्च वजा न करता ३५,५३५ रुपये हाती येतील. आता हीच जमीन अकृषक करून भूखंड पाडले असे समजू. एकरात ४३,५६० चौरस फूट. रस्ते आणि मोकळी जागा सोडून साठ टक्के, म्हणजे २६,१३६ चौरस फूट विक्रीला उरतील. केवळ उदाहरणादाखल चौरस फुटाला ५०० रुपये दर धरला, तर एक कोटी तीस लाखांहून अधिक रक्कम होते. धानाच्या साडेतीनशेहून अधिक वर्षांच्या ढोबळ उत्पन्नाइतकी ही रक्कम आहे. दर याच्या निम्मा धरला तरी निष्कर्ष बदलत नाही. या हिशेबापुढे शेती टिकावी अशी अपेक्षा धरणे हा भाबडेपणा आहे.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. ही कोटीची किंमत कोणी निर्माण केली? जमिनीच्या मालकाने त्यासाठी काय केले? त्याने रस्ता बांधला नाही, रेल्वे आणली नाही, जिल्हा निर्माण केला नाही. हे सर्व समाजाने केले, करदात्यांच्या पैशातून झाले. हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने १८७९ साली ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात हाच मुद्दा मांडला : समाजाच्या प्रगतीने जमिनीची किंमत वाढते आणि ती वाढ काही न करणाऱ्याच्या खिशात जाते, म्हणून प्रगतीबरोबर दारिद्र्यही वाढत जाते. अर्थशास्त्रात हिला अनर्जित वाढ म्हणतात. तिच्यावर समाजाचा हक्क आहे, हे तत्त्व मान्य करण्यासाठी समाजवादीच असावे लागते असेही नाही. जॉन स्टुअर्ट मिलसारख्या उदारमतवाद्याने ते जॉर्जच्याही आधी मांडले होते.

येथे एक अन्याय टाळावयास हवा. एकर-दीड एकरवाला शेतकरी जमीन विकतो, तेव्हा तो हावरटपणाने विकतो असे नाही. मुलीचे लग्न, घरातले आजारपण, सोसायटीचे किंवा सावकाराचे कर्ज, दोन लागोपाठ बुडालेले हंगाम, यांपैकी काहीतरी त्याच्या दारात उभे असते. तो विकतो ते बहुधा पहिल्या टप्प्यावर, शेतीच्या भावाहून थोड्या अधिक दराने. मोठा नफा होतो तो पुढे, जमीन अकृषक होऊन तुकड्यांनी विकली जाते तेव्हा. आणि तोवर ती दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते. रस्ता कोठून जाणार, कचेरी कोठे होणार, ही बातमी ज्याला आधी कळते त्याचा हा नफा. आपला रोष विकणाऱ्या अल्पभूधारकावर नसावा. माहितीच्या या मक्तेदारीवर असावा.

या व्यवहारात दोन पक्षांची सही लागत नाही किंवा लागली तरी तिला किंमत दिली जात नाही. पहिला पक्ष भूमिहीन मजुराचा. एकरभर धानाला रोवणीपासून मळणीपर्यंत अनेक हातांना अनेक दिवस काम मिळत असे. ले-आऊट पडला की ते सर्व दिवस कायमचे नाहीसे होतात. मालकाला जमिनीची किंमत मिळते. मजुराच्या गेलेल्या कामाची किंमत कोणत्याही खरेदीखतात लिहिलेली नसते. तो बांधकामावर जातो, भातगिरणीत हमाली करतो, नाहीतर दूरच्या शहराची गाडी पकडतो. दिवाळीत तो परत येतो, तेव्हा मंडईला आलेला पाहुणा म्हणून त्याचे स्वागत होते. तो वस्तुतः गावातून काढून टाकलेला कामगार असतो.

दुसरा पक्ष बहिणीचा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी तो आणखी स्पष्ट केला. जमीन पिकाऊ होती आणि तिला भाव नव्हता, तोवर या हक्काची फारशी चर्चा घरांत झाली नाही. भाव आला आणि हक्कसोडपत्राचे कागद तयार झाले. भाऊबिजेला ओवाळणीसाठी आलेल्या बहिणीपुढे ते ठेवले जातात. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. लाखोंच्या हक्काचा मोबदला म्हणून तिच्या हाती एक लुगडे पडते. या सहीला कोणी अन्याय म्हणत नाही, कारण ती प्रेमाच्या नावाने घेतलेली असते. समतेच्या गोष्टी करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही स्वतःच्या घरात याबाबतीत काय केले, हे तपासून पाहिले पाहिजे.

खासगी जमिनीनंतर सामाईक जमिनीचा विचार. विदर्भाच्या खेड्यात एक शब्द प्रचलित होता : निस्तार. गुरे चारणे, जळण आणणे, तलावाचे पाणी घेणे, मुरूम-माती काढणे, मेलेल्यांना पुरणे-जाळणे, खळे करणे, या सर्वांसाठी गावाच्या सामाईक जागांवर गावकऱ्यांचा जो हक्क तो निस्तार. मालगुजारीच्या काळातही तो होता आणि पुढेही तो कायद्याने मानला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यात कलम १६१ अन्वये विदर्भातील गावांसाठी निस्तारपत्रकाची आणि कलम १६५ अन्वये वाजिब-उल-अर्ज या नोंदीची तरतूद आहे. कोणता गट चराईचा, कोणता स्मशानाचा, कोणत्या तलावाचे पाणी कोणी कसे घ्यावे, हे तेथे लिहिलेले असावयास हवे. शहर वाढत येते, तेव्हा सर्वांत आधी याच जागांवर डोळा जातो, कारण त्यांना बोलणारा मालक नसतो. खासगी शेत विकत घ्यावे लागते. चराईची जागा नुसती दाबता येते. तलावाच्या काठाने भराव टाकीत गेले की काही वर्षांत तलाव आक्रसतो आणि पुढे एके दिवशी तो डासांचे डबके आहे म्हणून बुजविण्याची मागणी होते.

याबाबतीत न्यायालये गप्प आहेत असे नाही. २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी वन म्हणून मानाव्यात, हा निर्णय त्याच न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. तथापि निकाल आपोआप गावात उतरत नाही. अतिक्रमण म्हटले की बुलडोझर प्रथम भूमिहीनाच्या झोपडीवर जातो आणि धनवंताच्या कुंपणापाशी थबकतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून ज्याला डोके टेकण्यास दुसरी जागा नाही त्याचे घर, आणि ज्याने व्यापारासाठी जागा दाबली त्याचे गोदाम, या दोहोंत फरक केला पाहिजे. तो फरक कचेरी करणार नाही. संघटित गाव करील.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न : फुलचूर हे गाव की शहर? जनगणनेची एक व्याख्या आहे. लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या तीन कसोट्या पुऱ्या करणारे ठिकाण जनगणनेच्या लेखी शहर ठरते, मग तेथे ग्रामपंचायत का असेना. २००१ साली देशात अशी १,३६२ ठिकाणे होती. २०११ साली ती ३,८९४ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट! फुलचूरचा प्रश्न म्हणजे एका गावाचा प्रश्न नव्हे, हे या आकड्यांवरून ध्यानी यावे. या ठिकाणी राहणाऱ्यांचे जगणे शहरी झाले, परंतु कारभाराची साधने खेड्याचीच राहिली. सांडपाण्याची गटारे, घनकचरा, पाण्याची मोठी योजना, अग्निशमन, पथदिवे यांचा खर्च शहरासारखा. उत्पन्न मात्र घरपट्टी आणि अनुदाने एवढेच. ज्या भूखंडांवर कोटी-कोटींचे व्यवहार होतात, त्यांच्या पावसाळ्यातील चिखलात खडी टाकण्यास पंचायतीजवळ पैसा नाही, हा विरोधाभास शहरालगतच्या अनेक गावांत दिसतो.

यावर सोपा उपाय सुचविला जातो तो असा की अशी गावे सरळ नगर परिषदेत सामील करावीत. हा उपाय दिसतो तितका निरुपद्रवी नाही. ग्रामीण रोजगार हमीचा २००५चा केंद्रीय कायदा ग्रामीण क्षेत्रापुरता होता आणि त्याच्या जागी डिसेंबर २०२५मध्ये आलेला नवा कायदाही ग्रामीण क्षेत्रापुरताच आहे. देशाला रोजगार हमीची कल्पना ज्या महाराष्ट्राने १९७७च्या कायद्याने दिली, त्याच महाराष्ट्रात एखाद्या गावाचा मजूर एका अधिसूचनेने आपली हमी गमावून बसू शकतो. ग्रामसभाही जाते. ग्रामसभेत निदान उभे राहून विचारता येते. नगर परिषदेत नागरिकाला तशी संधी सहजी मिळत नाही. कर वाढतो तो लगेच. नळ आणि गटार येतात ती सवडीने.

उलट, आहे तसेच राहू द्यावे हेही बरोबर नाही. ग्रामपंचायत राहावी असे सर्वांत मोठ्याने म्हणणाऱ्यांत, बांधकामाचे नियम सैल राहावेत म्हणून म्हणणारेही असतात. आपली भूमिका या दोहोंपासून वेगळी हवी. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-थ मध्ये, ग्रामीण क्षेत्रातून नागरी क्षेत्रात संक्रमण करीत असलेल्या प्रदेशासाठी नगर पंचायतीची सोय केली आहे. म्हणजे गाव आणि शहर यांच्या मधली अवस्था घटनेने ओळखलेली आहे. रूप कोणतेही असो, लोकांच्या अटी आधी मान्य व्हाव्यात : मजुरांना नागरी रोजगाराची हमी, सामाईक जागांची मोजणी करून सीमांकन, ग्रामसभेसारखी वस्ती सभा, आणि जमिनीच्या वाढीव किमतीतून स्थानिक संस्थेला ठोस हिस्सा. खरेदीखतावरील मुद्रांक शुल्काच्या अधिभारातून जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांना वाटा देण्याची तरतूद आपल्याकडे आहेच. तो वाटा वेळेवर आणि पुरता मिळतो काय, आणि शेतजमिनीचा भूखंड होताना होणाऱ्या लाभावर खास आकारणी का नसावी, हे प्रश्न आपण धसास लावले पाहिजेत. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तीत गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चारही खांब आपापल्या अधिकाराने उभे असावयाचे होते. गावाच्या खांबाला अधिकार आणि पैसा न देता त्याच्यावर शहराचे ओझे टाकले, तर छप्पर खाली येणारच.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? भाषणांनी हे प्रश्न सुटणार नाहीत. त्यांना आधी माहितीचे हत्यार लागेल. गावी परतणाऱ्या प्रत्येकाने, सुट्टीचे दोन दिवस का होईना, चार कागद पाहावेत. पहिला, गावाचे निस्तारपत्रक. ते तहसील कचेरीत मागावे आणि त्यातील प्रत्येक सामाईक गटावर आज प्रत्यक्ष काय उभे आहे, हे पायी फिरून लिहून काढावे. दुसरा, रस्त्यालगतच्या गटांचे जुने-नवे सातबारे आणि फेरफार. जमीन कोणाकडून कोणाकडे, कोणत्या वर्षी गेली आणि रस्त्याची किंवा कचेरीची घोषणा कोणत्या वर्षी झाली, या दोन तारखा शेजारी मांडाव्यात. तिसरा, ग्रामपंचायतीचे वार्षिक अंदाजपत्रक. अधिभाराचा वाटा त्यात किती, हे पाहावे. चौथा कागद कोणत्याही कचेरीत मिळणार नाही, तो आपणच तयार करावा : गावातील किती मजूर बाहेर गेले, किती स्त्रिया अद्याप विड्या वळतात, त्यांना हजारी काय दर मिळतो आणि किती बहिणींनी हक्कसोड केली. माहितीच्या अधिकाराचा २००५चा कायदा हाताशी आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा होणे कायद्याने आवश्यक आहे. या चार कागदांची बेरीज एका ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविली, तर एखाद्या मोर्च्याइतके काम होईल.

फुलचूरच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागा पुढील काही वर्षांत भरून जातील. जो गट आज रिकामा आहे त्याचा निर्णय आजच घ्यावा लागेल. बांधकाम उभे राहिल्यावर निस्तारपत्रक हा केवळ जुना कागद उरतो. पुढची मंडई येईपर्यंत आपल्या हाती एक वर्ष आहे. गटवार यादी करण्यास तेवढा अवधी पुरेसा आहे.